संगणक-शंका : ओव्हरक्लॉकिंगची हद्द मे महिन्यात ठरवा

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करून थोडे पैसे मिळवतो. माझ्या पीसीत रायझन ५ ३६००, बी४५० चिपसेटचा बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० रॅम, बॉक्समधे आलेलाच कूलर आणि ‘४५० वॅट’ लिहिलेला एक लोकल एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आहे. ओव्हरक्लॉकिंग कधी केलेलं नाही. मित्र म्हणतात, मल्टिप्लायर ४४ आणि व्होल्टेज १.४ टाक, सुसाट पळतो. टाकू का? बाबा म्हणतात, जळालं तर दुसरा घेऊन देणार नाही.
– एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : टाकू नकोस. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चिप पळवणं, मात्र जरूर शिक. संगणक आतून कसा चालतो, वीज कुठं जाते, उष्णता कुठून येते, हे हाताने शिकायला याच्याइतकी चांगली वाट मला माहीत नाही. पण ४४ आणि १.४ हे दुसऱ्याच्या चिपचे, दुसऱ्याच्या कूलरचे आणि दुसऱ्याच्या गावच्या हवेचे आकडे आहेत. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन ३६०० चिपसुद्धा सारख्या निघत नाहीत. हाताने वेग ठरवला तर यातल्या बहुतेक चिप ४.१ ते ४.३ गिगाहर्ट्झच्या आसपास थांबतात. ४.४ ला पोचणारी चिप नशिबानेच मिळते.

आधी गणित समजून घे. बोर्डावर १०० मेगाहर्ट्झचं एक मूळ घड्याळ असतं, त्याला मल्टिप्लायरने गुणायचं. ३६ ने गुणलं की ३.६ गिगाहर्ट्झ, ही तुझ्या प्रोसेसरची मूळ गती. काम हलकं असेल तर तो स्वतःहूनच एखाद्या कोअरला, म्हणजे आतल्या स्वतंत्र काम करणाऱ्या एका भागाला, ४.२ पर्यंत नेतो. सहाही कोअर जुंपले की साधारण ३.९ ते ४.० वर स्थिरावतो. म्हणजे थोडं ओव्हरक्लॉकिंग कंपनीने आधीच करून दिलंय. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला तेव्हा गोष्ट वेगळी होती. मूळ घड्याळ ६६ वरून १०० केलं की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर चालायचा आणि बहुतेकांचा चालायचाच. दीडपट वेग फुकट! तो काळ आता उरलेला नाही. आज ३.९५ वरून ४.२ ला गेलास तर मिळतात सहा-साडेसहा टक्के. तासाभराचं एक्सपोर्ट छप्पन्न-सत्तावन्न मिनिटांत होईल. ही चार मिनिटं कशाच्या बदल्यात मिळतात ते बघ.

प्रोसेसर जितकी वीज खातो तितकीच उष्णता बाहेर टाकतो. वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. समज, आत्ता १.२ व्होल्टवर ३.९ चालू आहे. ४.४ आणि १.४ टाकलेस तर वेग वाढेल १३ टक्के आणि उष्णता होईल दीडपटीहून जास्त. कागदावर करून बघ : १.४ भागिले १.२, त्याचा वर्ग, गुणिले ४.४ भागिले ३.९. उत्तर १.५४ येतं. म्हणून माझा आग्रह असा, की वेग वाढवताना भीती मल्टिप्लायरची नको, व्होल्टेजची हवी. मल्टिप्लायर जास्त झाला तर पीसी हँग होईल, निळा पडदा येईल, पुन्हा चालू होईल. कायमचं नुकसान सहसा होत नाही. जास्तीचं व्होल्टेज चिपला आतून हळूहळू झिजवतं आणि ती झीज भरून निघत नाही. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर जे अस्थिर होऊ लागले, त्याच्या मुळाशीही गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज होतं. कंपनीने मायक्रोकोड (चिपच्या आतला प्रोग्राम) दुरुस्त केला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण ज्या चिप झिजल्या त्या झिजल्याच. तुझ्या ३६०० साठी, सगळ्या कोअरना एकच ठरावीक व्होल्टेज देणार असशील तर १.३ च्या वर जायचं नाही. प्रोसेसर आपल्या आपण चालताना क्षणभर १.४ च्या वरचा आकडा दाखवेल, तो बघून घाबरू नकोस. तेव्हा भार हलका असतो आणि तो त्याचा हिशेब त्याने केलेला असतो.

आता मुख्य मुद्दा, आणि तो आपल्या मुलखाचा आहे.

कूलर प्रोसेसरला थंड करतो म्हणजे खोलीच्या हवेपेक्षा अमुक इतके अंश वर धरून ठेवतो. हवेपेक्षा खाली तो कधीच आणू शकत नाही. जानेवारीत तुझ्या खोलीत २० अंश असेल, पूर्ण भाराला प्रोसेसर ७५ दाखवत असेल, तर फरक ५५ चा. परभणीच्या कृषी विद्यापीठात हिवाळ्यात एक आकडी तापमानाची नोंद होते आणि त्याच परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो. खोली पत्र्याची असेल तर दुपारी आत त्याहून जास्त. ५५ मध्ये ४२ मिळव. ९७ झाले. ३६०० ची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. तिथं पोचला की तो जळत नाही, आपणहून वेग खाली आणतो. म्हणजे जानेवारीत कौतुकाने केलेलं ओव्हरक्लॉकिंग मे महिन्यात साध्या वेगापेक्षाही हळू चालू शकतं.

आणि तुझं काम कधी असतं? लग्नसराईत. एप्रिल-मे मध्येच तुझ्याकडे कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डांवर कार्डं येऊन पडणार, रात्री उशिरापर्यंत एक्सपोर्ट चालणार. तुझ्या पीसीची खरी परीक्षा नेमकी त्या दिवसांत आहे. परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ २०-२२ अंशांच्या खोलीत बनलेले असतात. त्यांचे आकडे खोटे नसतात, आपल्याला लागू नसतात एवढंच.

यातून एक सोपा नियम काढता येतो. मे महिन्यात तुझ्या खोलीत जास्तीत जास्त किती अंश होतं ते मनाशी धर, समज ४२. आज खोलीत २० असेल तर फरक २२ चा. मला मे मध्ये ९० च्या वर जायचं नाही, म्हणून आजची माझी हद्द ९० वजा २२, म्हणजे ६८. चाचणी करताना ६८ ओलांडले की तिथंच थांबायचं, पीसी कितीही छान चालत असला तरी. म्हणून नोंदवहीत मल्टिप्लायर, व्होल्टेज, प्रोसेसरचं तापमान यांच्या शेजारी खोलीच्या तापमानाचा एक रकाना हवाच. भिंतीवर लावायचा साधा थर्मामीटर पुरतो. हा रकाना फार थोडे लोक ठेवतात, आणि मग उन्हाळ्यात पीसी का बंद पडतोय ते त्यांना कळत नाही.

या हिशेबाने तुझ्या बॉक्समधल्या कूलरवर ओव्हरक्लॉकिंगला जागाच उरत नाही, हे तुला कळलं असेलच. तो कूलर ठरलेल्या वेगापुरताच बनवलेला आहे. आधी १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर घे. तो येईपर्यंत कॅबिनेटची धूळ काढ आणि थर्मल पेस्ट जुनी असेल तर बदल. पंखा ब्लोअरने साफ करताना बोटाने धरून ठेव, फिरू देऊ नकोस. खोलीतला पाण्याचा कूलर पीसीच्या तोंडावर लावू नकोस. त्याच्या वाऱ्याबरोबर बारीक तुषार येतात, बोअरचं पाणी जड असलं की ते वाळल्यावर पांढरा क्षार मागे राहतो आणि बोर्डावर साचतो. खोली थंड करायला कूलर जरूर लाव, खिडकी उघडी ठेव, झोत मात्र दुसरीकडे.

विजेबद्दलही स्पष्ट लिहिते. तुझ्या यादीतली सगळ्यात काळजीची वस्तू तो एसएमपीएस आहे. वर ४५० लिहिलेलं असतं, आतलं सामान तेवढं पेलणारं असतंच असं नाही. हलक्या एसएमपीएसवर ओव्हरक्लॉकिंग करणं मला मान्य नाही. तो मेला तर एकटा मरेलच याची खात्री नसते. पैसे थोडे असतील तर क्रम असा ठेव : आधी ८० प्लस प्रमाणपत्राचा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस, मग कूलर. एचडब्ल्यूइन्फो नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये १२ व्होल्टची ओळ दिसते. पूर्ण भाराला ती ११.४ च्या खाली जाता कामा नये. सॉफ्टवेअरचा आकडा अंदाजेच असतो, पण भार येताच तो धपकन पडत असेल तर समजून जा. शेतीपंप चालू झाले की गावात दिवे मंद होतात, भारनियमनात वीज येते-जाते, हे सगळं तुझ्या पीसीला सोसावं लागतं. यूपीएस असेल तर तो किती पेलतो तेही बघून घे. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच्या पुढे टिकत नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर चिणचिण लागत असेल तर घरात अर्थिंग नाही किंवा तुटलेलं आहे. ते वायरमनकडून नीट करून घे. ओव्हरक्लॉकिंगचं राहू दे, तो तुझ्या जिवाचा प्रश्न आहे.

एवढं झालं की पहिली वाढ प्रोसेसरची करायची नाही, रॅमची करायची. तू ३२०० चे पैसे दिलेत, पण बोर्ड पहिल्यांदा चालू होतो तेव्हा रॅम बहुधा २१३३, २४०० किंवा २६६६ वरच चालवतो. सीपीयू-झेड हा पीसीची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघड, मेमरीच्या पानावर बघ. तिथं निम्मा आकडा दिसतो. १६०० च्या आसपास असेल तर रॅम ३२०० वर आहे, १०६६ किंवा १३३३ असेल तर तुझा वेग अजून पेटीतच आहे. पीसी चालू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जा. बोर्डानुसार एक्सएमपी, ए-एक्सएमपी किंवा डीओसीपी असं लिहिलेलं दिसेल, ते चालू कर, सेव्ह कर. दोन्ही रॅम बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचांतच बसव. चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी. तुझ्या प्रोसेसरच्या आतले भाग ज्या जोडणीवरून एकमेकांशी बोलतात तिचा वेगही रॅमबरोबर वाढतो. म्हणून हा एक बदल प्रोसेसरच्या दोनशे मेगाहर्ट्झपेक्षा अनेकदा जास्त देऊन जातो, आणि उष्णता फारशी वाढवत नाही.

रॅमचा वेग बदलल्यावर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालव. चारही फेऱ्यांत एकही चूक यायला नको. ‘एखादी चूक आली तर काय बिघडतं’ असं म्हणू नकोस. प्रोसेसर अस्थिर असला तर बहुधा पीसी बंद पडतो, निदान तुला कळतं तरी. रॅम अस्थिर असली तर फाइल गुपचूप बिघडते. कुणाच्या तरी लेकीच्या लग्नातले क्षण तुझ्या हार्ड डिस्कवर आहेत, सप्तपदी पुन्हा शूट करता येत नाही. म्हणून शिकण्याच्या दिवसांत गिऱ्हाइकाचं मूळ फुटेज दुसऱ्या डिस्कवर असल्याशिवाय बायोसला हात लावायचा नाही. आणि गिऱ्हाइकाने पूर्ण व्हिडिओ बघून घेतल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. बाबांना पीसीच्या पैशाची काळजी आहे, ती रास्त आहे. पण तुझा शब्द गेला तर तो कुठल्या दुकानात मिळणार?

यानंतर प्रोसेसर. बायोसमध्ये व्होल्टेज १.२५ वर स्थिर कर, मल्टिप्लायर ४० ठेव. विंडोज सुरू झालं की प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा सिनेबेंच आर२३ हा प्रोग्राम चालव. त्याची नेहमीची चाचणी दहा मिनिटांची असते. शेजारी एचडब्ल्यूइन्फो उघडा ठेव आणि तापमान बघत राहा. पास झालं तर ४०.२५, मग ४०.५. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदल वहीत लिहायचा. निळा पडदा आला, पीसी आपोआप पुन्हा सुरू झाला किंवा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ‘व्हिया-लॉगर’च्या (WHEA-Logger) नावाने चूक दिसली, की दोन पायऱ्या खाली ये. व्होल्टेज वाढवून पुढे रेटायचा मोह होईल, तेव्हा वरचं वर्गाचं गणित आठव. शेवटी ओसीसीटी हा चाचणीचा प्रोग्राम तासभर, आणि मग तुझ्याच एखाद्या जुन्या लग्नाचं पूर्ण एक्सपोर्ट. माझा सगळ्यात जास्त भरवसा या शेवटच्या चाचणीवर आहे, कारण तुझं काम तेच आहे. एक लक्षात असू दे : सगळे कोअर ४.१ ला बांधलेस की हलक्या कामात एखादा कोअर जो ४.२ ला जायचा तो आता जाणार नाही. एडिटिंगची टाइमलाइन हलवताना हा फरक जाणवला तर सगळं ऑटोवर ठेव आणि फक्त रॅमचा फायदा घे. ती हार नाही, मोजून घेतलेला निर्णय आहे.

पीसी चालूच झाला नाही तर घाबरू नकोस. प्लग काढ, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धर, बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून परत बसव. बायोस मूळपदावर येईल, एक्सएमपी पुन्हा चालू करावं लागेल.

आणि मे मध्ये फारच तापलं तर उलटं कर. बायोसमध्ये पीबीओ नावाच्या सेटिंगमध्ये पीपीटीची, म्हणजे प्रोसेसरने किती वीज घ्यायची याची, मर्यादा ८८ वॅट आहे, ती ६५ वर आण. वेग थोडासाच कमी होईल, तापमान बरंच उतरेल. ही कला ओव्हरक्लॉकिंगइतकीच मोलाची आहे आणि मराठवाड्यात तर जास्तच कामाची.

प्रश्न : मुलगा आमच्या आय५-१०४०० ला ओव्हरक्लॉक करायचं म्हणतो. बोर्ड एच४१० चा आहे. करू द्यावं का?
– एक पालक, उदगीर, जि. लातूर

उत्तर : तुमच्या पीसीवर ते होणारच नाही. इंटेलमध्ये साधारणपणे नावाच्या शेवटच्या अक्षरांत ‘के’ असलेल्या प्रोसेसरचाच मल्टिप्लायर मोकळा असतो आणि त्याला झेड मालिकेचा बोर्ड लागतो. या जोडीवर रॅमही २६६६ च्या वर जात नाही. एएमडीकडे बहुतेक रायझनचे मल्टिप्लायर मोकळे असतात, पण ए३२० आणि ए५२० बोर्डांवर ही सोय नसते. पीसी हळू वाटत असेल तर विंडोज हार्ड डिस्कवर आहे का ते बघा आणि असेल तर एसएसडी बसवून घ्या. त्याने जो फरक पडेल तो कुठल्याही ओव्हरक्लॉकिंगने पडणार नाही. मुलाला मात्र नाउमेद करू नका. त्याला कॅबिनेट उघडून साफ करायला द्या, पेस्ट बदलायला द्या. शिकायची सुरुवात तिथूनच होते.

प्रश्न : ओव्हरक्लॉक केल्याने वॉरंटी जाते का? आणि वीजबिल किती वाढतं?
– एक वाचक, अंबाजोगाई, जि. बीड

उत्तर : ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान एएमडी वॉरंटीत धरत नाही. तेव्हा वॉरंटी शिल्लक असेल तर हे जाणूनच हात घाला. बिलाचं म्हणाल तर ४० वॅट जास्त लागले आणि रोज पाच तास पूर्ण भाराचं काम असेल तर महिन्याला सहा युनिट. दिवसभर नुसतं टायपिंग असेल तर फरक नगण्य, कारण मोकळा बसलेला प्रोसेसर फार खात नाही.

प्रश्न : माझ्याकडे जीटीएक्स १६५० आहे. मला गेमसाठी फक्त ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करायचंय. मुलींना हे जमणार नाही असं दुकानदार म्हणाले. कुठून सुरुवात करू?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : दुकानदार जे म्हणाले त्यात तथ्य नाही. हे धीराचं आणि टिपणाचं काम आहे, तुला छान जमेल. ग्राफिक्स कार्ड हे तर नवशिक्यासाठी प्रोसेसरपेक्षा सोपं, कारण बायोसमध्ये जावं लागत नाही आणि चुकलं तर बहुधा ड्रायव्हर स्वतः सावरतो. एमएसआय आफ्टरबर्नर हा प्रोग्राम घे, कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतो. कोअर क्लॉक २५-२५ ने वाढव. प्रत्येक पायरीनंतर तू रोज खेळतेस तोच गेम अर्धा तास खेळ. पडद्यावर चमकणारे ठिपके, फाटलेले त्रिकोण दिसले किंवा गेम बंद पडला की ५० ने खाली ये. कोअरची हद्द सापडली की मग मेमरी, दोन्ही एकदम नाही. तुझ्या कार्डाला वेगळी पॉवरची वायर नसेल तर ते बोर्डाच्या खाचेतूनच जास्तीत जास्त ७५ वॅट घेतं. त्यामुळे वाढ मर्यादितच मिळेल, मोठी अपेक्षा ठेवू नकोस. तापमान ८० च्या आत राहू दे. आणि ‘विंडोज सुरू होताच लागू करा’ हा पर्याय आठवडाभर नीट चाललेलं बघितल्याशिवाय चालू करू नकोस. तोपर्यंत काही बिनसलं तर पीसी बंद करून चालू केला की कार्ड आपल्या मूळ वेगावर येतं.